कडेची झाडं, कडेची माणसं

मंचर, १३ जुलै २००३
(सावळारामच्या हस्ते)

प्रिय इंदू,

हे पत्र कॉलेजात उघडू नकोस, घरी उघड. फोनवर बोलता येत नाही, कारण आमचा फोन दुकानात आहे आणि तो नेहमी सासरेच उचलतात. आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर सावळाराम दर आठवड्याला बारदान (आमच्या दुकानातली पोती-सुतळी) घेऊन जुन्नरला येतो. पत्र त्याच्याकडे देते आहे. लोणीचा आहे, भरवशाचा आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे.

तर ऐक आणि हसू नकोस. मी गाडी चालवते. रस्त्यावर नाही, कॉम्प्युटरवर. पुतण्या अंकित सुटीत आला तेव्हा त्याने दुकानाच्या कॉम्प्युटरवर मोटार शर्यतीचा खेळ टाकला आणि पुण्याला निघून गेला. दुपारी दुकान बंद असतं, सगळे जेवून आडवे होतात. मी मागच्या खोलीत जाते आणि शर्यत लावते. बेचाळीस वर्षांची बाई, घरात सून येण्याची वेळ, आणि मी वळणावर ब्रेक कधी मारायचा याचा विचार भाकऱ्या थापताना करते. आमच्या ह्यांना (सगळं मंचर त्यांना अजून पिंटूशेठच म्हणतं) यातलं काही माहीत नाही. कळलं तर चिडणार नाहीत, पण चारचौघांत सांगून हसतील. ते मला नको आहे. ही एक गोष्ट माझी आहे.

अडचण अशी की गाडी अडखळते. वळणावर चित्र थांबतं आणि पुन्हा चालू होतं तोवर मी झाडावर. कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज अठ्ठ्याण्णववाला. नवा मागायला तोंड नाही. आहे त्याला हलकं करता येईल का? तू हे शिकवतेस म्हणून विचारते.

आणखी एक. कीबोर्डचं 'ओ'चं बटण उन्हाळ्यापासून दबत नाही. आमच्या ओतूरच्या गिऱ्हाइकाचं नाव त्यामुळे 'तूर' झालंय. सासरे विचारत होते, आपण डाळ कधीपासून विकायला लागलो. खेळाला मात्र 'ओ' लागत नाही.

तुझी,
रीना

जुन्नर, १७ जुलै २००३
(सावळारामच्या हस्ते)

प्रिय रीना,

हसले, पण एकदाच. मग डायरी काढून बसले. तू घरापासून लपवतेस त्या गोष्टीत मी मदत करावी का, हे लिहून पाहिलं. उत्तर आलं नाही. त्यात कुणाचं नुकसान आहे असं मला दिसलं नाही, एवढंच. म्हणून लिहिते.

तुझं यंत्र हळू नाही, ते एका वेळी फार कामं करतं आहे. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाब. एक यादी येईल. त्यातले एक्स्प्लोरर आणि सिसट्रे हे दोन ठेव, बाकीचे बंद कर. पडद्यामागचं चित्र काढ, साधा रंग ठेव. मग खेळाच्या ऑप्शन्समध्ये जा. रस्त्याकडेची झाडं, घरं, उभी माणसं, सावल्या असं सगळं तिथे बंद करता येतं. शर्यतीत त्यांचं काही काम नसतं. यंत्राला मात्र ती क्षणोक्षणी काढावी लागतात आणि त्यातच त्याचा जीव जातो.

दर आठवड्याला आणखी एक कर. 'टेम्प' नावाचं फोल्डर शोध आणि त्यातलं सगळं निर्धास्त पुसून टाक. तो नुसता केर असतो. पुसलेलं टोपलीत जातं, म्हणून टोपलीही रिकामी कर. आणि कधी निवांत वेळ मिळाला तर डीफ्रॅग लाव. पडद्यावर छोटे चौकोन सरकताना दिसतील. विखुरलेल्या वस्तू एका जागी आवरून ठेवणं म्हणजे ते. तास न् तास चालतं, मध्ये हात लावू नकोस.

सावळारामला चहा दिला. साखर कमी आहे हे त्याने मला बरोबर सांगितलं.

तुझी,
इंद्रायणी

मंचर, २८ जुलै २००३
(टपालाने)

प्रिय इंदू,

गाडी लोण्यासारखी चालते, असं मी गेल्या आठवड्यात लिहिणार होते. झाडं नाहीत, माणसं नाहीत, नुसता काळा रस्ता आणि मी. पण आता त्यावर लिहायला हात धजत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पेठ गावाजवळ सावळारामचा टेम्पो पंक्चर झाला. त्याने डांबराच्या खाली, कच्च्यावर उभा केला. मागे दगड लावले, बाभळीची फांदी टाकली, आणि बूथवरून ह्यांना फोन केला की दुसरं चाक घेऊन या. हे पोचायच्या थोडं आधी एक मोटारसायकल येऊन मागून धडकली. पंचविशीतला मुलगा. त्याला जीपमधून नेलं, पण वाटेतच गेला.

ह्यांच्या डिकीत अंकितचा नवा कॅमेरा होता, गणपतीच्या आधी दुकानाचे फोटो काढायला आणलेला. काय सुचलं कोण जाणे, ह्यांनी फोटो काढले. बरं झालं. कारण त्यानंतर गर्दी जमली. टेम्पोखाली अडकलेली मोटारसायकल ओढून काढायला लोकांनी टेम्पो पुढे ढकलला, तो डांबरावर आला. दगड लाथाडले, फांदी फेकली, सावळारामला मारलं. पोलीस आले तेव्हा टेम्पो रस्त्यात उभा आणि मागे काही नाही.

फौजदारांनी त्याला अटक केली. जामीन झाला, पण लायसन जप्त आहे. रस्त्यात गाडी सोडून माणूस मारला असं त्याच्यावर येणार. तो तुरुंगात गेला तर अंजना, त्याची बायको, दोन मुलींना घेऊन कुठे जाईल? वकील म्हणाले की फोटो आहेत ना, मग घाबरू नका. फोटो आपल्या कॉम्प्युटरवर घेतलेत. ह्यांनी सगळ्यांना बसवून दाखवले. टेम्पो कच्च्यावर, मागे फांदी, स्वच्छ दिसतं. आमच्या फ्लॉपीच्या खाचेत सुतळीचा भुगा गेलाय, ती चालत नाही. अंकित रविवारी पुण्याहून येऊन फोटो घेऊन जाईल. कॅमेरा शनिवारीच एस. टी.ने त्याच्याकडे परत गेला, आणि त्यातले फोटो त्याने पुसले, मित्राच्या लग्नाचे काढायला.

डोकं जड झालं होतं म्हणून आज दुपारी मी जरा बसले. खेळायला नाही, आवरायला. तुझी आठवड्याची सफाई केली. या वेळी शोधल्यावर 'टेम्प' दोन निघाले. आकड्यांच्या नावांचा नुसता केर. दोन्ही साफ केले, टोपलीही. इतकं तरी माझ्या हातून नीट होतं.

तू अजून कॉम्प्युटरला यंत्र म्हणतेस, गंमत वाटते. आमच्याकडे यंत्र म्हणजे देवघरातलं सिद्धचक्राचं तांब्याचं. त्याला आंघोळीशिवाय कुणी हात लावत नाही.

रीना

जुन्नर, १ ऑगस्ट २००३
(टपालाने)

प्रिय रीना,

तुझं पत्र आज सकाळी आलं. दोनदा वाचलं आणि तुझं पहिलं पत्र काढलं. तुमच्या कीबोर्डला 'ओ' नाही.

पिंटूशेठनी फोटो ठेवताना फोल्डरला 'टेम्पो' नाव दिलं असणार. 'ओ' उमटला नसणार. दुसरं 'टेम्प' ते होतं.

माझी समजूत चुकीची असेल तर मला फार बरं वाटेल. पण आधी हे वाच. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. यंत्र फक्त ती जागा मोकळी झाली असं मानतं. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथेच असतं, आणि ते परत काढायचा प्रोग्राम माझ्याकडे आहे. म्हणून आता काही म्हणजे काहीच करू नकोस. खेळ नको, सफाई नको, चालूसुद्धा करू नकोस.

हे पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून लगेच फोन केला. तुझ्या सासऱ्यांनी उचलला. त्यांच्यापुढे तुझं गुपित फोडायचं नव्हतं, म्हणून एवढंच म्हणाले, "रीनाला सांगा, इंद्रायणीचा निरोप आहे, मी सांगेपर्यंत यंत्राला हात लावू नकोस." ते घाईने "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. दुपारी पुन्हा लावला. "निरोप दिलाय," म्हणाले आणि पुन्हा ठेवला. त्यामुळे निदान तेवढं झालं आहे.

उद्यापासून कॉलेजात तपासणी समिती आहे, मला सोडणार नाहीत. ती गेली की पहिल्या गाडीने येते.

मी 'टेम्प' लिहिलं, पण ते कुठलं, विंडोजच्या आतलं, हे लिहिलं नाही. निर्धास्त असा शब्द वापरला. परीक्षेच्या पेपरात विद्यार्थ्याने असं अर्धवट लिहिलं असतं तर मी गुण कापले असते.

इंद्रायणी

मंचर, ५ ऑगस्ट २००३
(टपालाने)

इंदू,

तुझं पत्र आज आलं. उशीर झाला.

शुक्रवारी दुपारी सासूबाई माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाजूला बस तीन दिवस. स्वयंपाकघरात येऊ नको, देवघरात तर नकोच." मी म्हटलं, आता कुठे माझी वेळ आहे? त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? तुझ्या मैत्रिणीनं फोन करून सांगितलं तुझ्या सासऱ्यांना. लाज नाही वाटली पुरुषमाणसाला सांगायला?"

मला काही उमजलं नाही. आता उमजलं. तू यंत्राला हात लावू नकोस म्हणालीस. सासऱ्यांना सिद्धचक्राचं यंत्र ऐकू आलं. बाईनं बाईला, यंत्राला हात लावू नको म्हणून निरोप. बिचारे इतके संकोचले की फोन ठेवून थेट सासूबाईंकडे गेले.

आणि मी काय केलं? मला वाटलं सासूबाईंचा हिशेब चुकला, आपल्याला काय, सुटी मिळाली. तीन दिवस ना चूल ना पूजा. ताट मागच्या खोलीत येत होतं. तिथेच कॉम्प्युटर आहे. घरातलं दुसरं कुणी तिकडे फिरकलं नाही. मी शर्यती लावल्या. आणि इतका निवांत वेळ पुन्हा कधी मिळणार म्हणून, इंदू, मी डीफ्रॅग लावलं. चौकोन सरकताना बघत बसले. छान वाटत होतं. विखुरलेलं सगळं आवरलं जातंय असं.

रविवारी अंकित आला. ह्यांनी फोल्डर उघडलं, आत काही नाही. दोघांनी सगळा कॉम्प्युटर पालथा घातला. अंकित म्हणाला, व्हायरस असेल. सगळे व्हायरस म्हणू लागले. मी दारात उभी होते आणि मलाही तोवर तसंच वाटलं. खरंच वाटलं. आज तुझं पत्र वाचलं तेव्हापासून तसं म्हणायची सोय राहिली नाही.

काल अंजना आली होती. ह्यांनी तिला सांगितलं की फोटो उडाले. ती म्हणाली, "उडालं म्हंजी? पाखरू हाय का शेठ ते?" मग ओसरीवर बसून राहिली. मी तिला पाणी दिलं.

तू ये. काहीतरी निघेल ना?

रीना

जुन्नर, ११ ऑगस्ट २००३
(टपालाने)

प्रिय रीना,

तुझ्या घरून निघाल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

तू पाहिलंसच. फाइलींची नावं सापडली, पण त्यांच्या जागी दुसरंच काहीतरी होतं. एकच चित्र उघडलं, तेही वरची चार बोटं. आभाळ, लिंबाच्या झाडाचा शेंडा आणि टेम्पोच्या टपाची कड. खाली सगळं करडं. चाक त्या करड्यात आहे.

तुझे सासरे माझ्या मागे उभे होते. "व्हायरसच ना बाई?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सगळं पुसलं गेलंय." हे खोटं नव्हतं. पण त्यांनी मान हलवली तेव्हा त्यांना काय समजलं हे मला ठाऊक होतं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. गुपित तुझं आहे, ते मी फोडायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. परतताना नारायणगावपर्यंत ते पटलं. पुढे पटेना. सल्ला माझा होता. मी गप्प बसले त्यात तुझ्या गुपिताची राखण किती होती आणि माझी अब्रू किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

फौजदार पंधरवड्यात कागद कोर्टात धाडणार, असं पिंटूशेठ म्हणाले. त्यांची साक्ष कोण धरणार? ते मालक. सावळाराम तर आरोपीच.

म्हणून एक विचारते. तू ते फोटो पाहिले आहेस. सगळे चाक आणि फांदी बघत होते. तू अजून काय पाहिलंस? डोळे मिटून बैस आणि एकेक आठव. कडेला काय होतं?

घरी काय सांगायचं ते तू ठरव. तू सांगायचं ठरवलंस तर माझं नाव वगळू नकोस.

इंद्रायणी

मंचर, २० ऑगस्ट २००३
(टपालाने)

प्रिय इंदू,

कडेला बाई होती.

डोळे मिटून बसले आणि आधी काही आलं नाही. मग आठवलं की फोटो बघताना मला एकदा वाटलं होतं, हे सगळं बंद केलं तर चित्र किती हलकं होईल. खेळाची सवय. सगळं म्हणजे काय, असं स्वतःला विचारलं. लिंबाचं झाड, त्याखाली धुराची शेगडी, कणसांची पाटी आणि हिरव्या लुगड्यातली बाई डोक्याला हात लावून बसलेली. तिसऱ्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात.

आता ही बाई मला कशी आठवली हे सांगायचं तर खेळाचं सांगावं लागणार, आणि न सांगता मी तिला शोधायला घराबाहेर पडणार कशी? दुकानात सगळे बसले होते. सावळारामही आला होता, पोत्यांवर मान खाली घालून बसलेला. मी म्हटलं, व्हायरस नव्हता, मी पुसले. आणि का, तेही सांगितलं.

हे म्हणाले, "तू? मोटारीचा खेळ?" हसले नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं असं मला वाटलं. सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र म्हणजे कॉम्प्युटर?" आणि सासूबाईंकडे बघून खाली बघितलं.

सावळाराम म्हणाला, "वहिनी, ते टेम्प पुसायचं कुनी सांगितलं व्हतं?"

मी म्हटलं, जुन्नरच्या इंदूनं, पत्रात.

"मी आनलेल्या?"

मी हो म्हटलं. तो उठला, बाहेर जाऊन मोरीवर तोंड धुतलं आणि परत आला. "चहात साखर न्हाई घातली तवाच मला कळाया पायजे व्हतं," म्हणाला. इंदू, त्याला मला हसवायचं होतं की टोचायचं होतं, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि अंजना पेठला गेलो. लिंब आहे, खाली राख आहे, बाई नाही. पुढच्या चहावाल्याने सांगितलं, साळुबाई, त्या दिवसापासून बसत नाही. वस्तीवर गेलो. ती शेंगा निवडत होती. ओळख सांगितली तर म्हणाली, "गेला त्यो माज्याच भावकीतला. मला काय इचारू नका. मी काय न्हाई बघितलं."

अंजनाने माझा हात ओढला, चला म्हणून. मी म्हटलं, तुम्ही फोटोत होतात.

"माजा फोटू हाय?"

"होता. माझ्या हातून गेला."

ती थोडा वेळ शेंगा निवडत राहिली. मग विचारलं, "कशी व्हते त्यात?"

मी सांगितलं, हिरवं लुगडं, शेगडी पेटलेली, डोक्याला हात.

"हाका मारल्या व्हत्या मी त्येला," ती म्हणाली. "म्हनलं गाडी हुबी हाय, फांदी पडलीय, हळू ये. कानाला रुमाल बांधलेला. मागं वळून कुनाकडं तरी हात करत व्हता. टेम्पो पार कच्च्यात व्हता." अंजनाकडे तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तुजा मालक फांदी तोडाया माजाच कोयता घेऊन गेला. परत दिला त्यानं."

मी म्हटलं, हे फौजदारांना सांगाल का?

"त्येच्या आईनं ऐकलं तर काय म्हनंल? माजं पोरगं मेलं आन् ही त्येचीच चूक काढती."

आम्ही उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा ती मागून म्हणाली, "आदी त्येच्या आईला सांगीन. तिच्या तोंडावर. मंग सायबाला. ती नगं म्हनली तर न्हाई सांगायची."

आता सगळं एका आईवर आहे जिला आम्ही पाहिलेलंही नाही. इकडे कागद शुक्रवारी जाणार म्हणतात.

रीना

जुन्नर, २४ ऑगस्ट २००३
(टपालाने)

प्रिय रीना,

शुक्रवार गेला. तुझं काही नाही. फोन हातात घेते आणि ठेवते. गेल्या वेळी माझ्या फोनने काय झालं ते आठवतं.

मी तुला लिहिलं होतं की कडेच्या माणसांचं काही काम नसतं. ते वाक्य खेळापुरतं होतं आणि खेळापुरतं खरंही आहे. तरी ते मी किती सहज लिहिलं, हे डायरीत लिहून ठेवलं आहे. त्या आईने नको म्हटलं तर तिला चूक म्हणता येईल का? मी अजून ठरवू शकले नाही. सावळारामच्या मुली डोळ्यांपुढे येतात तेव्हा चूक म्हणावंसं वाटतं. तिचा मुलगा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करते, तर नुसता रुमाल दिसतो.

काय झालं ते लिही. वाईट असेल तर आधी लिही.

इंद्रायणी

मंचर, ७ सप्टेंबर २००३

प्रिय इंदू,

हे पत्र तुझ्या हातात कोण देतंय ते तू पाहिलंसच. म्हणून बातमी पुन्हा लिहीत नाही. लायसन परत मिळालं आहे. केस अजून कोर्टात आहे, पण फौजदारांनी साळुबाईचं म्हणणं लिहून घेतलंय आणि वकील पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बोलले.

चौकीवर साळुबाई एकटी आली नव्हती. बरोबर दुसरी एक बाई होती, पन्नाशीची, पांढऱ्या कपाळाची. पूर्ण वेळ बाहेर बाकावर बसली. साळुबाई आतून आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "हाका मारल्या व्हत्यास, हे लिवलं का त्येंनी?" लिहिलं म्हटल्यावर उठली आणि दोघी एस. टी. स्टँडकडे गेल्या. सावळाराम समोर उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो अजून तेच बोलतो.

कीबोर्ड नवा आणला. ओतूर पुन्हा ओतूर झालं. सासरे आता कॉम्प्युटरला कॉम्प्युटर म्हणतात, जरा जोरातच.

खेळ मी काढला नाही. हे म्हणाले, काढायला कुणी सांगितलंय? एक दिवस मागे येऊन उभेही राहिले, वळणावर श्वास रोखून. मात्र झाडं, घरं आणि माणसं परत चालू केली आहेत. गाडी पुन्हा अडखळते. वळणावर सगळं थांबतं आणि त्या वेळात मी कडेला कोण उभं आहे ते बघते.

सावळारामला चहा दे. साखर बघून घाल.

तुझी,
रीना